दोन वर्षं दुबई, मग गावचं हॉस्पिटल : फिलिपिनो डॉक्टर कुटुंबासाठी कामाचा क्रम

फिलिपिन्समधली डॉक्टर-नर्स मंडळी परदेशी जातात ती सगळीच कायमची जात नाहीत. कर्ज फेडायचं, चार पैसे गाठीला बांधायचे आणि परत येऊन आपल्या प्रांतातलं छोटं हॉस्पिटल चालवायला घ्यायचं, असं ठरवून निघणारी घरंही आहेत. हे टिपण त्यांच्या वाटेबद्दल आहे. दुबई-शारजात फिलिपिनो सहकाऱ्यांसोबत ड्युटी करणाऱ्या मराठी नर्सेसना आणि दावाओला डॉक्टरी शिकणाऱ्या आपल्या मुलांना यातल्या बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील.

सोयीसाठी एक घर धरू. आई डॉक्टर, वडील नर्स, शाळेत जाणारी दोन मुलं आणि गावी लोला, म्हणजे आजी. करार दुबईचा, दोन वर्षांचा. परत आल्यावर हाती येणार आहे लेयते बेटावरचं ४० खाटांचं, ना-नफा संस्थेचं, पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, श्रेणीचं हॉस्पिटल. आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं असतं, तेवढ्याच पसाऱ्याचं हे काम. असं घर काय किंवा असं हॉस्पिटल काय, बुडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं: कागदाची मुदत टळते आणि पैसा अडकतो. म्हणून खाली औषधोपचारापेक्षा कागद आणि तारखाच जास्त आहेत.

निघण्याआधी

पहिलं काम नावांचं. फिलिपिनो माणसाचं मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. लग्नानंतर बाईनं नवऱ्याचं आडनाव घेतलं की तिचं स्वतःचं आडनाव मधल्या जागी येतं. म्हणजे पदवी एका नावावर, पासपोर्ट दुसऱ्या नावावर. आखातात डॉक्टर-नर्सची कागदपत्रं डेटाफ्लोमार्फत थेट मूळ संस्थेकडून पडताळली जातात आणि तिथं हा फरक हमखास अडतो. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पदवी, पीआरसीचं, म्हणजे तिथल्या व्यवसाय-नियमन आयोगाचं, नोंदणीपत्र आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघावं. चूक सापडली तर आधी जन्मदाखल्यातली दुरुस्ती, मग बाकीचं. उलट्या क्रमानं केलं तर सगळं दोनदा करावं लागतं.

मग साक्षांकन. अपोस्टील करारातले देश एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मानतात. फिलिपिन्स १४ मे २०१९ पासून त्या करारात आहे, पण अमिराती त्या करारात नाहीत. त्यामुळे दुबईसाठी परराष्ट्र खात्याच्या शिक्क्यावर भागत नाही, मनिलातल्या अमिरातींच्या दूतावासाचाही शिक्का लागतो आणि पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. पदवीच्या जोडीला लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखलेही याच फेरीत उरकून घ्यावेत. ते राहिले तर कुटुंबाचा व्हिसा अडतो आणि दाखले कुरियरनं मनिलाला परत पाठवायची वेळ येते.

कामावर जाणाऱ्याला ओईसी, म्हणजे परदेशी नोकरीचं प्रमाणपत्र लागतं. ते स्थलांतरित कामगार खातं देतं आणि ६० दिवस चालतं, म्हणून तिकिटाची तारीख पक्की झाल्याशिवाय काढू नये. एजंटाला द्यायची फी एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त असता कामा नये. ओडब्ल्यूडब्ल्यूए या परदेशी कामगारांच्या कल्याण संस्थेचं सदस्यत्व २५ डॉलरचं, फार तर दोन वर्षांचं, तेही इथंच होतं.

आता सगळ्यात जास्त घरं अडकतात ती जागा. डॉक्टर बाई नोकरीच्या व्हिसावर जाते, नवरा तिच्यावर अवलंबून म्हणून जातो आणि सहा महिन्यांनी तिथंच नोकरीला लागतो. निघताना तो कामगार नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे ओईसी नाही. नाताळाला घरी येतो आणि परतताना मनिला विमानतळावर त्याला थांबवतात. यावर उपाय आधीच करायचा: नोकरी लागली की लगेच फिलिपिन्स सरकारच्या दुबईतल्या मायग्रंट वर्कर्स ऑफिसात करार पडताळून घ्यायचा आणि सुट्टीचं तिकीट त्यानंतरच काढायचं.

डॉक्टर बाईनं आणखी तीन गोष्टी जिवंत ठेवायच्या. पीआरसीचं ओळखपत्र तीन वर्षांचं असतं. ते दुबईत असतानाच संपणार असेल तर जाण्याआधी नूतनीकरण करावं. दुसरी, डॉक्टर म्हणून फिलहेल्थची, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याची, मान्यता. ही तुटली की परतल्यावर तिनं तपासलेल्या पेशंटचे क्लेम नामंजूर होतात आणि हॉस्पिटलची प्रमुखच हॉस्पिटलला तोट्यात घालते. फिलहेल्थची स्वतःची वर्गणी थकली तर ही मान्यताही अडते. तिसरी, पीडीईए या अमली पदार्थविरोधी सरकारी यंत्रणेचा एस-२ परवाना. त्याशिवाय मॉर्फिन किंवा फेंटानिल लिहून देता येत नाही. लहान हॉस्पिटलात रात्री दुसरा परवानाधारक डॉक्टर नसेल तर हा अडथळा थेट पेशंटच्या अंगावर येतो.

मागे राहणाऱ्या लोलासाठी मुखत्यारपत्र करताना ‘सर्व व्यवहार’ असं ढोबळ लिहू नये, बँक ते स्वीकारत नाही. कोणत्या शाखेतलं कोणतं खातं, जमिनीच्या कोणत्या तुकड्याचा कर, शाळेच्या कोणत्या कागदावर सही, असं एकेक काम लिहावं. मुलं आई किंवा वडिलांबरोबर प्रवास करणार असतील तर वेगळी परवानगी नको. लोला घेऊन जाणार असेल तर समाजकल्याण खात्याचं प्रवास-परवानापत्र लागतं, एका वर्षाचं ३०० पेसो आणि दोन वर्षांचं ६००.

दुबईतली दोन वर्षं

कुटुंबाला बोलावण्यासाठी पगार किमान ४,००० दिरहॅम हवा, किंवा ३,००० आणि राहायची जागा. शिवाय नोंदवलेला भाडेकरार हवा. सतवा, करामा अशा दुबईच्या वस्त्यांत एका खोलीत पलंगाच्या जागेवर राहून पैसे वाचवायची रीत एकट्या माणसाला चालते. कुटुंबाच्या व्हिसाला तो पत्ता उपयोगी पडत नाही. म्हणून पहिले तीन महिने एकीनं जाऊन जागा आणि करार उभा करायचा आणि मग बाकीच्यांना न्यायचं, हा क्रम बरा. मुलं आणि सामान घेऊन एकदम उतरणाऱ्यांचा हॉटेलातच इतका खर्च होतो की पहिल्या वर्षाची बचत तिथंच संपते.

शाळेची निवड परतीकडे बघून करावी. ब्रिटिश शाळा चांगली असेल, पण तिथं फिलिपिनो भाषा आणि आरालिंग पानलिपुनान, म्हणजे तिथला समाजशास्त्राचा विषय, दोन वर्षं सुटतात. फिलिपिनो अभ्यासक्रमाच्या मान्यताप्राप्त शाळा दुबईत आहेत. तिथला एसएफ-१० हा कायमचा नोंदपट गावच्या शाळेत सहज लागतो. ब्रिटिश शाळाच निवडली तर आठवड्याला तीन तास घरी फिलिपिनो वाचन-लेखन ठेवावं. तारखांचाही गोंधळ असतो. ब्रिटिश शाळांचं वर्ष जून संपता संपता किंवा जुलैच्या सुरुवातीला संपतं, तर फिलिपिन्सच्या शाळा २०२५ पासून पुन्हा जूनमध्ये सुरू होऊ लागल्या आहेत. शेवटच्या सत्राची परीक्षा लवकर घ्यायची विनंती फेब्रुवारीतच करून ठेवावी.

बाळ तिथं झालं तर दोन घड्याळं सुरू होतात. अमिरातींचा निवासव्हिसा १२० दिवसांत, आणि फिलिपिन्सच्या वकिलातीत जन्माची नोंद वर्षाच्या आत. दुसरी राहून गेली तर उशिराचं प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, असा सगळा व्याप होतो.

पैशांचं म्हणाल तर घरी पाठवायची रक्कम पगाराच्या टक्क्यात नव्हे, ठरलेल्या आकड्यात बांधावी. पगार वाढला की चुलत-मावस सगळ्यांची शाळा-फी त्यातून जाऊ लागते आणि नाही म्हणणं अवघड होतं. परतीचा पैसा वेगळाच ठेवावा. पाग-इबिग या सरकारी बचत निधीची एमपी-२ बचत ५०० पेसोपासून होते, पण ती पाच वर्षांची. दोन वर्षांनी लागणारा पैसा तिच्यात अडकवू नये. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते, म्हणजे दोन वर्षांचे ४२ दिवस. हिशेब एकूण पगारावर नाही, मूळ पगारावर. करारात मूळ पगार किती दाखवलाय ते सही करतानाच बघावं.

नर्स असलेल्या नवऱ्यानं हा काळ पदव्युत्तर शिक्षणाला द्यावा. २००२ च्या नर्सिंग कायद्यानुसार मुख्य परिचारिका किंवा परिचारक व्हायला नर्सिंगमधली मास्टर्स आणि पर्यवेक्षणाचा पाच वर्षांचा अनुभव लागतो, अगदी प्राथमिक हॉस्पिटलांना थोडी सवलत आहे. फिलिपिन्स विद्यापीठाचं मुक्त विद्यापीठ ही मास्टर्स दूरस्थ पद्धतीनं देतं. दुबईतल्या वॉर्ड-इनचार्जपदाचं पत्र सुटायच्या आधी, तारखांसह आणि किती माणसं हाताखाली होती ते लिहून घ्यावं. नंतर ते पत्र मिळत नाही.

सामान पाठवताना बालिकबायान पेटी, म्हणजे परदेशातले फिलिपिनो घरी पाठवतात ती, सोयीची: समुद्रमार्गे जाते, पैसे वजनाचे नाहीत, पेटीच्या मापाचे. वर्षातून तीनदा, मिळून दीड लाख पेसोंपर्यंत करमुक्त. त्यात घरचं सामान घालावं. हॉस्पिटलसाठी जमवलेले हातमोजे, सुया, यंत्रं त्यात घालू नयेत. व्यापारी प्रमाणातला माल दिसला की पेटी अडते आणि तिच्यासोबत मुलांचे कपडेही.

यंत्रांबद्दल आणखी एक. दुबईची वीज ५० हर्ट्झची, फिलिपिन्सची २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. व्होल्टेज जवळपास सारखं असल्यानं प्लग बदलला की यंत्र चालू होतं आणि सगळे खूश होतात. पण साधी मोटर ६० हर्ट्झवर वीस टक्के जोरात फिरते. सेंट्रिफ्यूजचे वेगाचे आकडे खोटे ठरतात, रक्ताच्या नमुन्यातल्या पेशी फुटतात आणि सक्शन पंपाची बेअरिंगं काही महिन्यांत आवाज करू लागतात. दान म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या पाटीचा फोटो मागवावा. ‘५०/६०’ लिहिलेलं असेल तरच हो म्हणावं. मॉनिटर, लॅपटॉप यांना अडचण नाही, मोटर असलेल्या सगळ्याला आहे.

निघताना अवलंबितांचे व्हिसा आधी रद्द करायचे, मग मुख्य व्यक्तीचा. क्रेडिट कार्ड, गाडीचा दंड, फोनचं बिल शून्य करून पत्र घ्यावं. थकलेल्या कर्जावरून प्रवासबंदी लागू शकते आणि ती बऱ्याचदा विमानतळावरच कळते.

हॉस्पिटल हाती घेताना

पहिल्या आठवड्यात पेशंट बघायचा मोह टाळून कपाटं उघडावीत. परवान्यांची एक यादी करायची: आरोग्य खात्याचा चालवण्याचा परवाना, फिलहेल्थची मान्यता, औषध दुकान आणि एक्स-रेसाठी एफडीएचे परवाने, घातक कचरा निर्माण करणारे म्हणून पर्यावरण खात्याची नोंदणी, नगरपालिकेचा व्यवसाय परवाना, अग्निशमन प्रमाणपत्र. प्रत्येकापुढे संपण्याची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव. डॉक्टरांची व्यवसाय-कराची पावती ३१ जानेवारीपर्यंत निघाली पाहिजे, तीही यादीत घालावी.

पहिल्या श्रेणीचं हॉस्पिटल म्हणवून घ्यायला ऑपरेशन थिएटर, प्रसूतीची सोय, विलगीकरणाची खोली, प्रयोगशाळा, एक्स-रे आणि औषध दुकान असावं लागतं. यातलं एखादं तपासणीत ‘आहे पण बंद’ निघालं तर परवान्याला धोका. आधीच्या तपासणीचा शेरा शोधून काढावा, निरीक्षक पहिल्यांदा तोच बघतात.

कचऱ्याच्या पिशव्यांचे रंगही एकदा डोक्यात बसवावेत: काळी कोरड्या साध्या कचऱ्याला, हिरवी ओल्याला, पिवळी संसर्गजन्य कचऱ्याला, सुयांना न टोचणारा डबा. १९९९ च्या स्वच्छ हवा कायद्यानं वैद्यकीय कचरा जाळायला बंदी आहे. त्यामुळे ऑटोक्लेव्ह करून मान्यताप्राप्त गाडीकडे द्यायचा, आणि नाळ-वार वगैरेसाठी काँक्रीटचा बंदिस्त खड्डा.

फिलहेल्थचे क्लेम : इथंच हॉस्पिटल तरतं किंवा बुडतं

पेशंट घरी गेल्यापासून ६० दिवसांत क्लेम गेला पाहिजे. उशिरानं गेलेला क्लेम सरळ नामंजूर. चूक असेल तर परत येतो, तोही परत आल्यापासून ६० दिवसांत दुरुस्त करून पाठवायचा. फिलहेल्थकडून पैसे यायला लागणारा वेळ आपल्या हातात नाही. म्हणून हिशेब असा मांडावा: महिन्याचा खर्च ४० लाख पेसो आणि त्यातले ६० टक्के फिलहेल्थकडून येणार असं धरलं, तर महिन्याला २४ लाख उधारीवर जातात. पैसे यायला तीन महिने लागले तर कायम ७२ लाख बाहेर अडकलेले. हिशेबवहीत नफा दिसतोय आणि पगाराला पैसे नाहीत, याचं कारण हेच असतं.

क्लेमचं काम डिस्चार्जच्या दिवशी नाही, भरतीच्या वेळी सुरू होतं. भरतीच्या खिडकीवरच ऑनलाइन पात्रता तपासून तो कागद छापावा. उत्तर ‘हो’ आलं तर पुढे सोपं. ‘नाही’ आलं तर पेशंट अजून वॉर्डात आहे तोवर नातेवाइकाला कारण सांगून नोंदणी दुरुस्त करायला पाठवावं. बहुतेकदा मुलाचं नाव वडिलांच्या नोंदीत नसतं, किंवा जन्मतारीख चुकलेली असते. पेशंट बोटीनं पलीकडच्या बेटावर निघून गेला की सहीसाठी माणूस सापडत नाही.

परत येणाऱ्या क्लेमांची कारणं ठरलेली आहेत: सभासदाची सही नाही, डॉक्टरच्या मान्यतेची मुदत संपलेली, आजाराचा संकेतांक आणि केसपेपरातलं निदान जुळत नाही, क्लेमच्या चौथ्या फॉर्ममध्ये लिहिलेला रोजचा उपचारक्रम आणि डॉक्टरच्या ऑर्डरी वेगळ्या. शेवटचं कारण सगळ्यात चिवट, कारण हा फॉर्म बहुतेक ठिकाणी कारकून भरतो, तेही दहा दिवसांनी, अंदाजानं. ड्युटीवरच्या डॉक्टरनं डिस्चार्जच्याच दिवशी तो भरल्याशिवाय फाइल वॉर्डातून हलू देऊ नये. सुरुवातीला कुरकुर होईल, होऊ द्यावी.

भिंतीवर एक फळा लावावा: डिस्चार्ज होऊन ७ दिवस, १५ दिवस, ३० दिवस झालेल्या आणि अजून न गेलेल्या फाइलींची संख्या. तीस दिवसांच्या रकान्यात शून्यच दिसलं पाहिजे. दर सोमवारी प्रमुखानं स्वतः हा फळा वाचावा. वादळानं सगळं ठप्प झालं आणि आपत्ती जाहीर झाली तर फिलहेल्थ मुदत वाढवून देतं, पण ते परिपत्रक आपल्या जिल्ह्याला लागू आहे का हे विचारून घ्यावं लागतं.

मिळालेल्या रकमेतला डॉक्टरांचा वाटा ठरलेला आहे: औषधोपचाराच्या केसमध्ये ३० टक्के, शस्त्रक्रियेत ४०. वीस हजारांच्या न्यूमोनियाच्या केसमध्ये हॉस्पिटलचे चौदा, डॉक्टरचे सहा. हा वाटा हॉस्पिटलच्या खात्यात येतो आणि तंगीत तोच पगाराला वापरायचा मोह होतो. एकदा वापरला की बाहेरून येणारे सर्जन आणि भूलतज्ज्ञ यायचे बंद होतात आणि थिएटर ओस पडतं. त्यासाठी वेगळं बँक खातं काढावं आणि आलेल्या दिवशीच रक्कम तिकडे वळवावी. केसचे दर फेब्रुवारी २०२४ मध्ये ३० टक्क्यांनी आणि जानेवारी २०२५ मध्ये आणखी ५० टक्क्यांनी वाढले आहेत. बिलिंगच्या संगणकात जुना दर राहिलाय का हे तपासून बघणं अर्ध्या तासाचं काम आहे.

बिल न भरू शकणारा पेशंट

२०१७ च्या कायद्यानुसार तातडीच्या पेशंटकडे आधी अनामत मागता येत नाही. धोरणच तसं असेल तर अधिकाऱ्यांना दंड पाच लाखांपासून दहा लाख पेसोंपर्यंत आहे. २००७ च्या कायद्यानुसार बिल थकलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. वचनचिठ्ठी आणि जामीनदार घेऊन सोडायचं. खासगी खोलीतल्या पेशंटला ही सवलत नाही. रात्रपाळीच्या रखवालदारालाही हे माहीत असावं, कारण गेटवर अडवणारा तोच असतो.

वचनचिठ्ठ्यांचं पुस्तक ठेवावं आणि त्यावर बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, आरोग्य कार्यकर्तीचं नाव लिहावं. वसुलीसाठी नाही, पेशंटला पुढच्या तपासणीला आणायला. लाजेनं लोक परत येत नाहीत आणि टाके चिघळल्यावरच दिसतात. भाताच्या सुगीनंतरची तारीख घातली तर बऱ्याच चिठ्ठ्या आपणहून फिटतात.

पेशंटचं बिल आम्ही भरू, अशी आमदार-गव्हर्नरांची हमीपत्रं हा वेगळा विषय. पत्र म्हणजे पैसा नव्हे. प्रत्येक कार्यालयाची किती रक्कम येणे आहे याची वेगळी वही ठेवून कमाल मर्यादा ठरवावी आणि ती ओलांडली की नवं पत्र घेणं थांबवावं. हे प्रमुखानं एकट्यानं नाही, संचालक मंडळाच्या ठरावानं करावं. जुलै २०२५ मध्ये आरोग्य खात्याच्या स्वतःच्या हॉस्पिटलांत साध्या वॉर्डाचं बिल शून्य झाल्याचं राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं. त्यामुळे ‘तिथं फुकट, इथं का नाही’ हा प्रश्न खिडकीवर रोज येतो. खिडकीवरच्या मुलीला दोन वाक्यांचं उत्तर तयार करून द्यावं, तिला वाद घालायला लावू नये.

नर्सेस जाणारच

वॉर्डात दर पाळीला १२ खाटांमागे एक नर्स, आणि दर तीन नर्सेसमागे एक बदली. ४० खाटांना पाळीला चार, तीन पाळ्यांच्या बारा, बदलीच्या चार, अशा सोळा. थिएटर, प्रसूतिगृह आणि तातडीचा विभाग वेगळे. आखातातल्या नोकरीला साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणून तेवढा झाला की मुलगी निघते. तिला कागद अडवून थांबवणं वाईट आणि निरुपयोगीही. सोळाही जणी एकाच जूनमध्ये भरल्या तर सोळाही एकाच वर्षी जातील. दर तीन महिन्यांनी दोन घ्याव्यात. थिएटर आणि प्रसूतिगृहात नेहमी जोडी तयार करावी, एक जाणारी आणि एक शिकणारी. अनुभवाचं पत्र मागितल्यापासून आठवड्यात द्यावं. त्याच्या बदल्यात ९० दिवस आधी सांगायची अट बहुतेक जणी पाळतात. परदेशी जाऊन आलेल्या जोडप्याला हे समजावून सांगावं लागू नये.

बांताय, म्हणजे पेशंटसोबत राहणारा घरचा माणूस, हा तिथल्या वॉर्डाचा अर्धा कर्मचारीच. तो अंग पुसतो, सलाइन संपलं की सांगतो, औषध आणायला धावतो. त्याला झोपायला बाक, भाताच्या कुकरसाठी वेगळा सॉकेट आणि स्वच्छ संडास द्यावा. सॉकेट नसला की कुकर मॉनिटरच्या वायरीवर लागतो. बाहेरून आणलेल्या औषधाची पावती मात्र रोज केसपेपरला टाचून घ्यावी. ती नंतर क्लेमच्या हिशेबात लागते.

वादळ आणि डेंगी : किती साठा

८ नोव्हेंबर २०१३ च्या योलांदा वादळात ताक्लोबानमध्ये समुद्र शहरात शिरला होता. लेयतेवर हॉस्पिटल चालवायचं तर ७२ तास कुणीच मदतीला येणार नाही असं धरून साठा करावा.

वीज: ६० किलोवॉटचा भार चालवणारा जनरेटर तासाला सुमारे १७ लिटर डिझेल पितो. ७२ तासांचे १,२२४ लिटर, म्हणजे २०० लिटरची सात पिंपं. जनरेटर तळमजल्याच्या जमिनीवर नको, उंच चौथऱ्यावर हवा. आठवड्यातून एकदा अर्धा तास, तोही खरा भार देऊन चालवावा. नुसता रिकामा फिरवला तर सिलिंडरमध्ये काजळी आणि न जळलेलं डिझेल साठतं आणि नेमका वादळात तो धूर ओकत बंद पडतो.

ऑक्सिजन: सहा पेशंट मिनिटाला पाच लिटरवर म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. सहा घनमीटरच्या टाक्या दिवसाला सव्वासात, तीन दिवसांच्या बावीस. टाक्या साखळीनं भिंतीला बांधलेल्या हव्यात.

पाणी: खाटेमागे ६० लिटर आणि बांतायमागे २० धरले तर दिवसाला ३,२०० आणि तीन दिवसांचं सुमारे दहा हजार लिटर. एवढ्या पाण्याला ७० टक्क्यांची क्लोरीन पावडर ३० ग्रॅम, आधी बादलीत कालवून. अर्ध्या तासानं तपासल्यावर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. कमी असेल तर थोडी आणखी.

हवामान खात्याचे, म्हणजे पागासाचे, इशारे कामाशी बांधून टाकावेत. एक नंबर लागला की वारा यायला ३६ तास असतात: टाक्या आणि पिंपं भरून घ्यावीत, बेटावरचे दिवस भरत आलेल्या बायकांना बोलावून घ्यावं. दोन नंबरला २४ तास: ठरवून करायच्या शस्त्रक्रिया रद्द, घरी जाऊ शकणाऱ्यांना डिस्चार्ज, क्लेमच्या फाइली प्लास्टिकच्या डब्यात वरच्या मजल्यावर. तीन नंबरला १८ तास: दुसऱ्या पाळीची माणसं आत घ्यायची, कारण नंतर रस्ता नसेल. चार-पाचला वेळ फक्त १२ तासांचा, तेव्हा खिडक्यांपासून पेशंट लांब घेणं एवढंच उरतं. पूर ओसरताना लेप्टो येतो. डॉक्सिसायक्लिन आधीच हाताशी हवं.

डेंगीचा भर जून ते नोव्हेंबर. धोक्याची लक्षणं असलेल्या ५० किलोच्या माणसाला पहिले दोन तास तासाला किलोमागे ६ मिलि, पुढचे चार तास ४, मग अडीच, असं धरलं तर पहिल्या दिवशी साडेतीन लिटरच्या वर आणि दोन दिवसांत पावणेसात लिटर सलाइन लागतं. वीस पेशंटांना एक लिटरच्या सुमारे १४० पिशव्या. हा आकडा फक्त कोठारासाठी. वॉर्डात सलाइनचा वेग दर काही तासांनी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, बघून ठरतो, आणि पेशंट सावरू लागल्यावर वेळेत थांबवलं नाही तर फुप्फुसात पाणी होतं. म्हणून सलाइनइतक्याच हिमॅटोक्रिटच्या बारीक नळ्याही मागवाव्यात. पहिल्यांदा संपतात त्या त्याच.

घर आणि सह्या

दुबईहून आलेली मुलं इंग्रजी बोलतात, गावात वाराय ही तिथली भाषा चालते. शाळा लागायच्या आधी महिनाभर लोलाकडे सोपवावीत. हॉस्पिटलच्या आवारातलं घर सोयीचं, पण दार सतत वाजतं. पेशंटनं आधी तातडीच्या विभागात जायचं आणि तिथल्या डॉक्टरनं फोन करायचा, हा नियम पहिल्या आठवड्यात पाडला नाही तर पुढे पडत नाही.

बायको प्रमुख आणि नवरा मुख्य परिचारक असेल तर नेमणूक संचालक मंडळानं करावी आणि तसं इतिवृत्तात लिहावं. चेकवर आणि खरेदीवर दोघांच्या सह्या चालणार नाहीत. दुसरी सही खजिनदाराची. नवऱ्याची पाळी, रजा, बढती हे वैद्यकीय उपप्रमुखाकडे द्यावं. आणि प्रमुख ताक्लोबानला बैठकीला किंवा मनिलाला गेली तर तिच्या जागी कोण, हे दर वेळी लेखी आदेशानं, तारखांसह ठरलेलं असावं. क्लेमच्या पत्रांवर कोण सही करणार, औषधांचं मागणीपत्र किती रकमेपर्यंत मंजूर करणार, तातडीच्या पेशंटला पुढे पाठवायची गाडी कोण सोडणार, हे तिन्ही त्या आदेशात नावानिशी लिहावं.